न कापणारे चाकू

देवानं नागपूरकरांना फळ दिलं ते असं, की त्याला चाकू लागत नाही. आंब्याला चाकू लागतो, टरबुजाला सुरा लागतो, फणसाला तर कोयता आणि वर हाताला गोडं तेल लागतं. संत्र्याचं तसं नाही. देठापाशी अंगठा खुपसावा, साल सोडवावी, फोडी मोकळ्या कराव्यात; सगळा व्यवहार दहा बोटांत. थोरल्या भावाचा सदरा धाकट्याच्या अंगावर असावा तशी ती साल मुळातच ढगळ असते. २०१४ साली आमच्या संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळ्यांनी चवीचं कौतुक केलं, रंगाचं केलं. पण इतक्या सभ्यपणे कपडे उतरवून देणारं दुसरं फळ नाही, हे कुणी बोललं नाही.

अशा गावात राहून मी चाकू जमवले. एकूण ३१. सगळे मिटणारे, म्हणजे ज्यांचं पातं मुठीत जाऊन झोपतं असे. आणि या ३१ चाकूंपैकी एकानंही माझ्या घरात कधी काही कापलेलं नव्हतं. ‘नव्हतं’ असं म्हणतो आहे, ‘नाही’ असं म्हणत नाही, याकडे लक्ष असू द्या. ही सगळी हकीगत त्या एका अक्षराची आहे.

छंदांचीही जातव्यवस्था असते. पोस्टाची तिकिटं जमवणारा म्हणजे विद्वान. जुनी नाणी जमवणारा इतिहाससंशोधक. शंखशिंपले जमवणारा निदान निसर्गप्रेमी तरी. पण ‘मी चाकू जमवतो’ असं चारचौघांत सांगून बघा. शेजारचा माणूस खुर्ची वीतभर मागे घेतो. आमच्या मुलीला बघायला मंडळी आली होती तेव्हा बायकोनं मला दोन गोष्टी बजावल्या होत्या: एक, राजकारणावर बोलायचं नाही, आणि दोन, चाकूंचा ‘च’ काढायचा नाही. मी दोन्ही पाळल्या. लग्न झालं. लग्नानंतर पहिल्याच दिवाळसणाला मी जावयाला खण उघडून दाखवला, तेव्हा तो बिचारा प्रत्येक चाकूला ‘छान आहे’ म्हणत होता; पण नजर दाराकडे होती.

वास्तविक मी कायदा वाचलेला माणूस आहे. शस्त्र कायदा १९५९ सालचा, आणि त्याखालचे नियम आले १९६२ साली. त्या नियमांत सुऱ्या-चाकूंचं जे शस्त्र म्हणून माप दिलं होतं, ते ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचं. आणि त्यातूनही घरकामाची, शेतीची अवजारं वगळलेली. माझा सर्वांत दांडगा चाकू पावणेपाच इंचांचा आहे. हे मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “म्हणजे सरकारच्या मते तुम्ही घातकही नाही आणि घरकामाचेही नाही.” तिच्या बोलण्याला मिटायची सोय नाही.

आता तुम्ही म्हणाल, चाकूत बघायचं काय असतं? अहो, काय नसतं? सावोयच्या डोंगरात जोसेफ ओपिनेल नावाच्या लोहाराच्या पोरानं १८९० साली एक चाकू केला. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची गोलसर मूठ, त्यात एक चीर, चिरेत पातं. पुढं १९५५ साली त्यावर एक फिरती कडी आली. कडी फिरवली की उघडं पातं बोटांवर मिटत नाही. सगळा चाकू मिळून भाग पाच: मूठ, पातं, खिळा, पट्टी आणि कडी. एवढ्यात संपलं. आमच्या सोसायटीची घटना बावीस पानांची आहे आणि तिच्यातून गेटचं कुलूप कुणी लावायचं हे अजून निघालेलं नाही. पाच भागांत काम भागवणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो तो यामुळे.

याच्या उलट तो लाल स्विस चाकू. त्याची कथा आणखी गमतीची. स्विस फौजेनं शिपायांना चाकू द्यायचं ठरवलं. त्या चाकूत पातं, टोच्या, डबा फोडायचं साधन आणि बंदूक खोलायला स्क्रू-ड्रायव्हर. पण पहिले चाकू बनून आले जर्मनीतल्या झोलिंगेनहून! हे इबाख गावच्या कार्ल एल्सेनर नावाच्या कारागिराच्या मनाला लागलं. १८९१ साली त्यानं आपल्या फौजेला स्वतःचे चाकू पुरवायला सुरुवात केली आणि १८९७ साली अधिकाऱ्यांसाठी वेगळा चाकू नोंदवून घेतला. अधिकाऱ्यांच्या चाकूत विशेष काय? बाटलीचं बूच काढायचा पीळदार स्क्रू. शिपायानं बंदूक खोलायची आणि साहेबानं बाटली. मी बँकेत अडतीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे ही वाटणी मला परकी वाटली नाही.

हे असं एकात दहा करणं चांगलं की वाईट, यावर थोरामोठ्यांनी डोकं घातलेलं आहे. ॲरिस्टॉटलनं राज्यशास्त्र लिहायला घेतलं आणि पहिल्याच भागात चाकू काढला. निसर्ग हा डेल्फीच्या चाकू करणाऱ्या लोहारांसारखा चिक्कू नाही, तो एका कामासाठी एकच वस्तू घडवतो, असं त्याचं म्हणणं. डेल्फीला त्या काळी अनेक कामांना चालणारा चाकू मिळत असावा आणि तो ॲरिस्टॉटलच्या मनातून उतरला असावा. आमच्या घरी हेच मत आहे. बायको म्हणते, “दहा कामांचा तो तुमचा चाकू टमाटर कापतो का?”

मग आपला रामपुरी. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा. पितळी मूठ, कणकेच्या गोळ्यासारखी हातात बसणारी, आणि उघडताना होणारा तो कडकडाट. हिंदी सिनेमानं त्याची पार अब्रू घेतली. १९६५ सालच्या ‘वक्त’मध्ये राजकुमारनं चाकू हे पोरांचं खेळणं नव्हे असं एकाला थंडपणे समजावलं, आणि पुढची वीस वर्षं पोरं दुसऱ्या कशाशी खेळायलाच तयार नव्हती. त्या रामपुरात २०२३ साली चौकात सुमारे वीस फुटांचा चाकू उभा केला आहे. ज्या वस्तूच्या नावानं गावाची बदनामी झाली तिचाच पुतळा करावा, याला मोठं मन लागतं.

आणि मुठी! शेफिल्डचे कारागीर मुठीसाठी हिंदुस्थानातल्या सांबराची शिंगं मागवीत. जंगलात सांबर शिंग टाकायचं आणि ते बोटीत बसून विलायतेला जाऊन साहेबाच्या खिशात राहायचं. आता वन्यजीव कायद्यानं तो व्यापार बंद आहे, ते बरंच झालं. माझ्याकडे आहे ती नक्कल. हाडावर कोरून कोरून शिंगाचा खडबडीतपणा आणलेली. हे मी एकदा शेजारच्या वहिनींना कौतुकानं सांगत होतो, “ही मूठ सांबराच्या शिंगासारखी दिसते की नाही?” आता आमच्या नागपुरात ‘सांबार’ म्हणजे कोथिंबीर. त्या बराच वेळ मुठीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “हिरवी नाही दिसत.”

तर असे हे ३१. खालच्या खणात हिरव्या मखमलीवर ओळीनं निजलेले. दर रविवारी मी त्यांना उठवायचा, मऊ फडक्यानं पुसायचा, सांध्यात तेलाचा एक थेंब सोडायचा, एकदा उघडून मिटायचा. चांगल्या चाकूचा मिटण्याचा आवाज ऐकण्यासारखा असतो. ‘टक्’. त्या आवाजात मुठीची स्प्रिंग, पात्याचं वजन आणि करणाऱ्याची नियत, तिन्ही कळतात. मग परत मखमल. कापायचं मात्र काही नाही. हा नियम मला मुंबईच्या एका जुन्या संग्राहकानं घालून दिला होता. “एकदा लिंबू कापलंत की वस्तू गेली,” असं ते म्हणत. “कोराकरकरीत हवा. कारखान्यातून निघाला तसा.”

बायकोला हा नियम कधी पटला नाही. ती स्वतः सीताबर्डीवरून वीस रुपयांत आणलेल्या पिवळ्या प्लास्टिकच्या मुठीच्या सुरीनं आणि सासूबाईंच्या विळीनं संसार करत आली. तिची आणि माझ्या खणाची सोयरीक म्हणजे विळ्या-भोपळ्याची. “इथून पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्राम,” ती म्हणायची, “तिथे अकरा व्रतांत असंग्रह सांगितलाय, आणि आमच्याकडे एकतीस चाकू आणि सांडग्या मिरचीचं पाकीट फोडायला दात.”

मी तिच्याशी तात्त्विक पातळीवर वाद घालत असे. अग्नीचा धर्म जाळणं, पाण्याचा धर्म वाहणं, तसा चाकूचा धर्म कापणं, हे मला मान्य. पण वस्तूनं कायम धर्माप्रमाणेच वागावं का? आपल्या अजब बंगल्यात जा. १८६३ सालचं ते संग्रहालय. तिथली शस्त्रं कपाटात स्वस्थ उभी आहेत. त्यांनी आपला धर्म पाळू नये यातच सगळ्यांचं कल्याण आहे. तलवार निवृत्त झाली तर कुणाला वाईट वाटत नाही. पुण्याला दिनकर केळकरांनी आयुष्यभर फिरून फिरून दिवे, अडकित्ते, कुलपं जमवली. त्या अडकित्त्यांनी आता सुपारी कातरली नाही म्हणून कुणी त्यांना नावं ठेवतं का?

हा युक्तिवाद मला फार आवडायचा. त्यात दोन भोकं होती, ती नंतर कळली. पहिलं भोक असं, की केळकरांनी तो सगळा संग्रह १९७५ साली सरकारला, म्हणजे तुम्हा-आम्हाला देऊन टाकला. तो अडकित्ता सुपारी कातरत नाही, पण रोज कुणा ना कुणाला काही सांगतो. माझे चाकू बघायला मी, आणि दारावर नजर ठेवणारा जावई. दुसरं भोक असं, की तलवारीनं काम थांबवलं तर माणसं वाचतात. चाकूनं काम थांबवलं तर फक्त टमाटर वाचतात.

आता ती हकीगत सांगतो.

मागच्या थंडीत, अंबिया बहाराची संत्री बाजारात होती त्या दिवसांत, आमच्याकडे दहा-बारा माणसं जेवायला होती. सकाळी मी एका पाहुण्याला खण दाखवला आणि फोन आला म्हणून तो तसाच उघडा टाकून उठलो. स्वयंपाकाला आमच्याकडे एक मावशी येतात. माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत, पण सगळं घर त्यांना मावशी म्हणतं म्हणून मीही म्हणतो. विळीवर बायको बसलेली, पिवळी सुरी कुठं तरी पोह्यांच्या पसाऱ्यात हरवलेली. मावशींना आठ लिंबं कापायची होती. त्यांनी उघड्या खणातून एक चाकू उचलला. कुठला? ३१ मधून नेमका साध्या पोलादाचा ओपिनेल. स्विस उचलला असता तर काही बिघडलं नसतं. १९१३ साली शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीनं पोलादात बारा-तेरा टक्के क्रोमियम घालून न गंजणारं पोलाद करून ठेवलं आहे ते लिंबांसाठीच. पण साधं पोलाद लिंबाचा रस प्यायलं की आधी निळं पडतं, मग करडं, मग काळं. मावशींनी आठ लिंबं कापली आणि चाकू ओल्या भांड्यांत टाकून दिला.

मला तो दुपारी तीन वाजता सापडला. पात्यावर काळेनिळे ढग, धारेला तांबूस ठिपके. मी स्वयंपाकघरात गेलो आणि पाहुण्यांसमोर, म्हणजे बारा माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, “मावशी, हा कापायचा चाकू नाही!”

मावशी पोळ्या लाटत होत्या. त्यांनी मान वर केली. घाबरल्या होत्या, पण त्याहून जास्त गोंधळल्या होत्या. म्हणाल्या, “मंग तो कायचा हाय?”

कुणी तरी हसलं. मी काही बोललो नाही. वस्तूचा धर्म, तिचं प्रयोजन, तिचं सत्त्व यावर मी बायकोशी वीस वर्षं वाद घातला होता; मावशींनी चार शब्दांत तो माझ्यासमोर ठेवला आणि पुन्हा पोळी लाटायला घेतली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर त्यांनी तो चाकू घरी नेऊन राखेनं घासून आणला होता. डाग थोडे गेले होते, ओरखडे पुष्कळ आले होते. मी त्यावरही तोंड वाईट केलं.

इथपर्यंत ही गोष्ट मी पुष्कळांना हसत हसत सांगितली आहे. यापुढची सांगत नाही.

एक तारखेला मावशी पगाराला आल्या. पैसे मोजून मी हातात दिले. त्यांनी ते घेतले, पण पदराला बांधले नाहीत. तशाच उभ्या. मग म्हणाल्या, “काका, त्या चाकूचे किती कापसान?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांच्या आधीच्या एका घरी कपबशी फुटली की पगारातून पैसे कापत असत. महिनाभर ही बाई माझ्या घरी पोळ्या लाटत होती आणि मनात हिशोब चालला होता, की तो चाकू केवढ्याचा असेल आणि या महिन्यात किराणा कसा भागेल.

मी म्हणालो, “छे छे, मावशी, भलतंच काय!” अगदी उदारपणे म्हणालो. त्यांचा चेहरा सुटला आणि त्या गेल्या. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी तीन वाजता, ओरडण्याच्या आधी, मी तो चाकू हातात घेऊन मनाशी त्याची किंमत केली होती. कापायचा विचार नव्हता हो. पण आकडा आला होता डोक्यात, आणि तो मावशींच्या पगाराशेजारी जाऊन उभा राहिला होता. मावशींनी माझ्या तोंडावर तो वाचला असला पाहिजे. ज्या चाकूनं कधी काही कापलं नाही, त्यानं पहिल्याच फटक्याला एका बाईचा महिना कापला होता. तोही माझ्या हातून, आणि मी काही हाती न घेता.

त्या रात्री मी खण उघडून बसलो. नागपूर जिल्ह्यात नैकुंडला उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे, अडीच हजार वर्षांहून जुनी. आमच्या जवळच्या माहुरझरीला त्या काळच्या शिळावर्तुळांत, म्हणजे दगडांचं कडं करून माणसं पुरत त्या जागी, लोखंडाची हत्यारं मिळाली आहेत. मेलेल्या माणसाला वाटेत लागतील म्हणून त्याच्यासोबत ठेवत असतील. मी मखमलीकडे बघितलं. ओळीनं निजलेले ३१. दगडांचं कडं तेवढं नव्हतं.

आणि मग मला बत्तिसावा आठवला.

बत्तिसावा संग्रहात नव्हता. मुंबईच्या त्या गृहस्थांनी तो पाहून बाजूला सारला होता, “याला काही मोल नाही” म्हणून. तो होता माझ्या वडिलांचा. वडील काटोल तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक. तेव्हा पोरं बोरूनं कित्ता गिरवत. बोरू तासून त्याच्या टोकाला तिरका काप द्यावा लागतो. तो काप नीट आला तर अक्षर वळणदार, नाही तर काव्या-बाव्या. काप द्यायचं काम मास्तरांचं. सकाळी शाळा भरली की पोरं रांगेनं बोरू घेऊन उभी राहत आणि वडील खिशातून चाकू काढत. संध्याकाळी घरी आले की ओसरीच्या पायरीवर थुंकी लावून धार करत. पायरीचा दगड त्या एका जागी खोलगट झाला होता. पातं आधी करंगळीएवढं रुंद होतं म्हणे. माझ्या आठवणीत ते शेवग्याच्या शेंगेएवढं आहे आणि आता तर दाभणासारखं. कुठल्या कंपनीचा, कळत नाही. मार्क असलाच तर तो पायरीनं खाल्ला.

संग्राहकाच्या नजरेनं बघितलं तर हा चाकू निम्मा नाहीसा झालेला आहे. पण नाहीसा होऊन गेला कुठं? थोडा पायरीत गेला. उरलेला त्या तालुक्यातल्या शे-दोनशे माणसांच्या अक्षरात गेला. कुणी तलाठी झाला, कुणी कंडक्टर, कुणी संत्र्यांच्या बागेचा हिशोब लिहिणारा. त्यांच्या ‘श्री’च्या वळणात त्या पात्याचा कण आहे. कोरा राहिलेला चाकू फक्त स्वतःपुरता शिल्लक राहतो. हा शिल्लक राहिला नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी आहे.

फ्रेंच लोकांत जानो नावाच्या माणसाच्या चाकूचा दाखला देतात. आधी त्यानं पातं बदललं, मग मूठ बदलली, तरी चाकू तोच म्हणतो. आता तो तोच का? विद्वान डोकं खाजवतात. मला वाटतं, त्यांनी जानोच्या बायकोला विचारायला हवं होतं. ती म्हणाली असती, रोज भाकरी कापतो तो आमचाच. दुसरा कुणाचा असेल?

तुम्हाला वाटेल, मी आता सगळे चाकू वाटून टाकले, साधू झालो. नाही. माणूस एका पगाराच्या तारखेत एवढा बदलत नाही. सुंदर वस्तू सुंदर म्हणून जपावी यात मला अजूनही पाप वाटत नाही. त्या पाच भागांतली अक्कल, त्या ‘टक्’मधली नियत, ही कुणा तरी माणसाची आहे आणि तिला दाद देणं हाही एक धर्म आहे. पण एक गोष्ट मला मिटणाऱ्या चाकूनं शिकवायला हवी होती आणि मी वीस वर्षं शिकलो नव्हतो. तलवारीचं म्यान बाहेरचं असतं, ते दुसऱ्यानं घालावं लागतं. या चाकूची धार स्वतःच्याच मुठीत जाऊन बसते. धार असावी, पण मिटताही यावी. म्हणून तर तो खिशात, माणसाच्या इतक्या जवळ ठेवता येतो. मी आयुष्यभर ज्या वस्तूचं मिटणं कानानं ऐकत आलो, तिच्यादेखत बारा माणसांत उघडा झालो आणि वेळेवर मिटलो नाही. डाग पोलादावर पडला त्याचं एवढं नाही. साध्या पोलादावर डाग पडतातच, आणि जाणकार म्हणतात की तो काळसर थरच पुढच्या गंजापासून थोडा बचाव करतो. माणसाचं तसं होतं की नाही, बघायचं आहे.

मी तो ओपिनेल मावशींना देऊन टाकायचं ठरवलं. दगडावर नीट धार लावली. मावशी घेईनात. चाकू फुकट घेतला तर नातं तुटतं, असं त्यांची आई म्हणायची. मी म्हटलं, “मग विकत घ्या. एक रुपया.” त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडून एक रुपयाचं नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. घासाघीस केली नाही; चाकूची खरी किंमत त्यांना मी कधी सांगितली नाही आणि सांगणारही नाही. तो आकडा डोक्यातून गेला तर बरं, पण बँकेतला माणूस आहे मी, आकडे सहजी जात नाहीत.

महिन्याभरानं विचारलं, “कसा आहे चाकू?”

“बरा हाय,” मावशी म्हणाल्या. “पन विळीची सर नाई.”

खणात आता तीस आहेत आणि ते नाणं एकतिसाव्या जागी मखमलीवर ठेवलं आहे. वडिलांचा चाकू खणात ठेवला नाही. तो माझ्या सदऱ्याच्या खिशात असतो. पण बोरू राहिले नाहीत, पेन्सिलीला नातवाकडे यंत्र आहे, टमाटर बायको मला कापू देत नाही. मग उरलं काय? रोज दुपारी जेवण झालं की मी ओसरीवर बसून, दाभणाएवढ्या त्या पात्यानं, सावकाश, एक अखंड वेटोळं निघेल असं संत्रं सोलतो.

बायको आतून बघते आणि म्हणते, “संत्र्याला चाकू लावणारा अख्ख्या नागपुरात हा एकच माणूस.”

मी काही बोलत नाही. चाकू पुसतो, मिटतो आणि अर्ध्या फोडी तिला देतो.